अचलताजन्य स्नायु-अपपुष्टी व औषधे

अस्थिभंग, सांधा निखळणे, कंडरा (स्नायू अस्थीला जोडणारी दोरीसारखी ऊतके) किंवा बंध तुटणे इ. कारणांसाठी हात अथवा पाय प्लास्टरमध्ये, कामट्यांमध्ये किंवा कर्षणात (वजन लावून ताणून ठेवण्याच्या पद्धतीत) निश्चल ठेवला असता त्यातील स्नायूंचे आकारमान व बल उत्तरोत्तर कमी होत जाते. या अवस्थेस अचलताजन्य स्नायु-अपपुष्टी असे म्हणतात. तंत्रिका (मज्जा) तुटल्यामुळे किंवा क्षय, कर्करोग, दीर्घ उपासमार यांमुळे होणाऱ्या अपपुष्टीपासून ही वेगळी ओळखावी लागते. हिच्यात स्नायू व त्याला पुरवठा करणारी तंत्रिका मूलतः निरोगी असतात आणि ऱ्हासाचे मुख्य कारण वापराचा अभाव हे असते. त्यामुळेच ती बहुतांशी भरून येणारी आहे. मात्र वृद्ध, कुपोषित व अनेक ठिकाणी जखमी झालेल्या रुग्णांत ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. हा ऱ्हास औषधांनी कितपत रोखता येतो, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

पार्श्वभूमी : मोडलेले हाड निश्चल ठेवल्याशिवाय सांधत नाही, ही गोष्ट फार प्राचीन काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेच्या अध्यायात अस्थिभंगावर बांधण्यासाठी वड-पिंपळासारख्या वृक्षांच्या साली व बांबू यांच्या कामट्या सांगितल्या असून ऋतुमानानुसार किती दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, याचेही नियम दिले आहेत. तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने हातात प्रथम मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावा, अशी सूचना त्यात आढळते. निश्चलतेने हाड सांधते पण हात दुबळा होतो आणि भार क्रमाने वाढवीत नेल्यास बळ परत येते, हे त्या काळी लक्षात आले होते, असे यावरून दिसते. आधुनिक प्लास्टरची पट्टी आंटोनियस माथायसन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणली. तिच्यामुळे हाडे अधिक सरळ सांधू लागली, पण अवयव अधिक पूर्णपणे निश्चल झाल्यामुळे स्नायूंचा ऱ्हासही अधिक ठळकपणे दिसू लागला.

मराठवाड्यात या प्रश्नाचे गांभीर्य ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने प्रकर्षाने पुढे आले. लातूर जिल्ह्यातील औसा व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत सर्वांत जास्त हानी झाली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे कोसळून सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि सु. १६,००० जखमी झाली. दगडांखाली सापडलेल्या माणसांच्या हातापायांची हाडे, कटिरास्थी व पाठीचे मणके मोडणे साहजिक होते. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर इ. ठिकाणच्या रुग्णालयांत हलविण्यात आले. त्या वेळी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) नवे होते, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून चालू होते, तर लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अद्याप निघावयाचे होते. ते २००२ मध्ये सुरू झाले.

मांडीचे हाड कर्षणाने सांधण्यास सु. तीन महिने लागतात, नडगीचे हाड सांधण्यास तीन ते चार महिने लागू शकतात. भूकंपाचा दिवस रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या हंगामात आला होता. ज्याचा पाय त्या आठवड्यात प्लास्टरमध्ये गेला, त्याचा पाय हाड सांधून मोकळा होईपर्यंत पेरणी तर संपलीच, पण पुढे काढणीच्या वेळी वाकून काम करण्याएवढे बळ मांडीत असेल किंवा नाही, हा प्रश्न उरला. शेतकरी, शेतमजूर व ऊसतोड कामगार यांच्या बाबतीत हाड सांधले म्हणजे रुग्ण बरा झाला असे म्हणता येत नाही. तो पुन्हा उभा राहून ओझे उचलू लागला म्हणजेच बरा झाला असे मानावे लागते.

ऱ्हासाचे प्रमाण : निरोगी तरुणांचा एक पाय स्वेच्छेने प्लास्टरमध्ये ठेवून केलेल्या प्रयोगांमुळे ऱ्हासाचा वेग अचूक मोजता आला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदर्लंड्समधील अशा एका अभ्यासात मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायूचे छेदक्षेत्र ५ दिवसांत सु. ३·५ टक्के व १४ दिवसांत सु. ८·४ टक्के कमी झाले. बल मात्र याच मुदतींत अनुक्रमे सु. ९ व २३ टक्के घटले. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ऱ्हास पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. म्हणून प्लास्टर काढल्यानंतर उपचार सुरू करणे म्हणजे उशीर करणे होय. दुसरी, बलाची घट आकारमानाच्या घटीहून बरीच जास्त असते. तंत्रिका तंत्राकडून स्नायूला मिळणारी चेतना मंदावणे, तंतूंच्या आकुंचनक्षमतेत बदल होणे व कंडरेचा ताठपणा कमी होणे ही त्याची कारणे होत. त्यामुळे एखाद्या औषधाने स्नायूचे आकारमान टिकले, तरी बल टिकलेच असे होत नाही. औषधांच्या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीर तोलून धरणारे मांडीचे व पोटरीचे स्नायू हातांच्या स्नायूंपेक्षा लवकर रोडावतात. स्नायू आखूड स्थितीत बांधला गेला तर ऱ्हास अधिक होतो आणि त्याच्या तंतूंची लांबीही कमी होते. किंचित ताणलेल्या स्थितीत तो कमी होतो. वृद्धांत गमावलेला स्नायू परत मिळण्यास तरुणांपेक्षा बराच अधिक काळ लागतो.

यंत्रणा : स्नायूतील प्रथिने सतत घडत व मोडत असतात. निरोगी अवस्थेत या दोन्ही क्रिया समतोल असतात. अवयव निश्चल होताच नवी प्रथिने घडण्याचा वेग मंदावतो आणि आहारातून आलेल्या अ‍ॅमिनो अम्लांना स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देईनासा होतो. घडणीचे नियंत्रण करणाऱ्या कोशिकांतर्गत (पेशीतील) साखळीत इन्शुलिन, इन्शुलिनसदृश वृद्धिकारक, ल्यूसीन हे अ‍ॅमिनो अम्ल व यांत्रिक ताण या सर्वांचे संदेश एमटॉर या एंझाइमापाशी एकत्र येतात. ताण नाहीसा झाला की यांपैकी सर्वांत प्रबळ संदेश बंद पडतो. मानवात अचलतेमुळे होणाऱ्या ऱ्हासाचा मोठा वाटा घडणीच्या या मंदपणाचा असतो.

दुसऱ्या बाजूस मोडणीचा वेग काही काळ वाढतो. नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाची खूण बसविली जाते आणि अशी खूण असलेली प्रथिने प्रोटिएसोम या पिंपाच्या आकाराच्या यंत्रणेत तोडली जातात. स्नायूत ही खूण बसविणाऱ्या मर्फ–१ व अ‍ॅट्रोजिन–१ या दोन एंझाइमांचा अपपुष्टीशी असलेला संबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची जनुके काढून टाकलेल्या उंदरांत अपपुष्टी कमी प्रमाणात होते, असे आढळले. यांशिवाय कलकणूंमध्ये (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांत) निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजनयुक्त पदार्थ मोडणीस चालना देतात.

प्रत्यक्ष अपघातात सापडलेल्या रुग्णात आणखी दोन कारणांची भर पडते. इजेमुळे होणारा शोथ (दाहयुक्त सूज) व रक्तात वाढणारे कॉर्टिसॉल हे हॉर्मोन ही दोन्ही मोडणीस पोषक असतात. शिवाय वेदना, चिंता व रुग्णालयातील अनियमित भोजन यांमुळे आहार घटतो. निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगांचे निष्कर्ष किल्लारीसारख्या आपत्तीतील रुग्णांस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, ते यामुळेच.

औषधे : आजवर केवळ अचलताजन्य अपपुष्टी रोखण्यासाठी म्हणून कोणतेही औषध सर्वमान्य झालेले नाही. ज्यांचा अभ्यास झाला आहे, अशा द्रव्यांचे पुढील गट पाडता येतात.

(१) पुष्टिकारक स्टेरॉइडे : टेस्टोस्टेरोन हे पुरुषी हॉर्मोन व त्यापासून बनविलेली नँड्रोलोन, ऑक्झँड्रोलोन इ. द्रव्ये प्रथिनांची घडण वाढवितात. निरोगी पुरुषांना २८ दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका प्रयोगात (१९९९) टेस्टोस्टेरोनामुळे शरीरातील प्रथिनांचा समतोल टिकला, पण स्नायूंचे बल टिकले नाही. ऑक्झँड्रोलोनाचा उपयोग मोठ्या भाजण्यांमध्ये झाला असला, तरी अमेरिकेतील त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेण्यात आली. या गटाचे दुष्परिणाम गंभीर आहेत : पोटातून घेण्याच्या प्रकारांमुळे यकृतास अपाय, रक्तातील मेदद्रव्यांत प्रतिकूल बदल, स्त्रियांत आवाज कायमचा घोगरा होणे, मुलांत हाडांची वाढ अकाली थांबणे इत्यादी. प्लास्टरमधील पायाच्या नीलांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच असतो आणि टेस्टोस्टेरोनामुळे तो वाढण्याचा संभव असतो. ‘ताकदीची सुई’ म्हणून ही द्रव्ये तज्ञाच्या सल्ल्यावाचून घेणे सर्वथा अयोग्य आहे. सुईनंतर अंग भरल्यासारखे वाटते. त्याचा काही भाग शरीरात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो.

(२) बीटा–२ ग्राहींना चेतविणारी औषधे : दम्यावरील औषधांशी संबंधित असलेले क्लेनब्युटेरॉल प्राण्यांत अपपुष्टी कमी करते. गुडघ्यातील कूर्चाचकती काढून टाकलेल्या रुग्णांवरील एका छोट्या चाचणीत (१९९३) या औषधाने मांडीचे बल काहीसे लवकर परत आल्याचे दिसले. तथापि छातीत धडधड, हातांना कंप व हृदयाच्या स्नायूस इजा यांमुळे त्याचा या कामी प्रसार झाला नाही. क्रीडाक्षेत्रात ते निषिद्ध आहे.

(३) मायोस्टॅटिनविरोधी प्रतिपिंडे : स्नायूंच्या वाढीस आळा घालणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाचा शोध अलेक्झांड्रा मॅक्फेरॉन, अ‍ॅन लॉलर व से-जिन ली यांनी १९९७ मध्ये लावला. ज्या उंदरांत हे प्रथिन तयार होत नाही त्यांचे स्नायू अतिशय पुष्ट होतात. बेल्जियन ब्ल्यू या गुरांच्या जातीचे असामान्य मांसल शरीर याच प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे असते. मायोस्टॅटिन व त्याच्याशी संबंधित अ‍ॅक्टिव्हिन ज्या ग्राहीवर कार्य करतात तो अडविणारे बिमाग्रुमॅब हे प्रतिपिंड एका प्रयोगात (२०१७) वापरण्यात आले. चोवीस निरोगी तरुणांचा पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला आणि प्लास्टर काढल्यावर काहींना औषधाची एकच मात्रा शिरेतून दिली. औषध मिळालेल्यांच्या मांडीचे आकारमान इतरांपेक्षा लवकर पूर्ववत झाले. परंतु खुब्याच्या अस्थिभंगानंतर वृद्धांवर केलेल्या पुढील चाचणीत (२०२१) मेदरहित वजन वाढूनही चालण्याच्या व हालचालींच्या क्षमतेत फरक पडला नाही. आकारमान व बल यांतील वर उल्लेखिलेला भेद येथेही दिसून येतो.

(४) पोषणद्रव्ये : ल्यूसीन व त्यापासून शरीरात तयार होणारे एचएमबी, क्रिएटीन व माशांच्या तेलातील ओमेगा–३ वसाम्ले यांचा या गटात समावेश होतो. दहा दिवस अंथरुणावर ठेवलेल्या वृद्धांत एचएमबीमुळे मेदरहित वजन अधिक टिकल्याचे एका छोट्या प्रयोगात (२०१३) आढळले. क्रिएटिनामुळे प्लास्टरमधील पायाचा ऱ्हास थांबला नाही, पण नंतरच्या व्यायामकाळात स्नायू लवकर भरला (२००१). तरुण स्त्रियांवरील एका प्रयोगात (२०१९) ओमेगा–३ वसाम्लांच्या मोठ्या मात्रेने आकारमानाची घट कमी झाली. बलाची घट मात्र तशीच राहिली. ही द्रव्ये तुलनेने निर्धोक असली, तरी चिरडण्याच्या इजेत वृक्कांना (मूत्रपिंडांना) अपाय झालेल्या रुग्णास क्रिएटीन किंवा प्रथिनांची मोठी मात्रा वैद्याच्या देखरेखीशिवाय देऊ नये.

(५) इतर : कलकणूंवर कार्य करणाऱ्या काही प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांनी प्लास्टरमध्ये पाय ठेवलेल्या उंदरांत अपपुष्टी रोखल्याचे आढळले आहे. मानवी रुग्णांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ड जीवनसत्त्वाची त्रुटी असल्यास ती भरून काढणे हाडांसाठी व स्नायूंसाठी इष्ट असते. त्रुटी नसताना जादा मात्रा दिल्याने स्नायू वाढत नाही.

अपायकारक औषधे : काही औषधे अपपुष्टी वाढवितात, म्हणून त्यांचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. डेक्सामेथॅसोन, प्रेडनिसोलोन इ. ग्लुकोकॉर्टिकॉइडे प्रथिनांची मोडण वाढवितात व घडण कमी करतात. ठणक व सूज यांवर तात्काळ आराम देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांमध्ये ही द्रव्ये मिसळलेली असू शकतात. अशी पुडी आठवडेच्या आठवडे घेणाऱ्या रुग्णाच्या पायाला ‘आराम’ पडतो, पण मांडी रोडावते, हाड ठिसूळ होते व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. याउलट दमा, संधिशोथ इ. रोगांसाठी वैद्याने दिलेली हीच औषधे रुग्णाने आपण होऊन एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. पुष्टिकारक स्टेरॉइडे व ही स्टेरॉइडे यांचे परिणाम परस्परविरुद्ध असूनही नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते, ती टाळावयास हवी.

औषधेतर उपाय : स्नायूवरील ताण हाच त्याच्या घडणीचा मुख्य संदेश असल्यामुळे तो संदेश काही अंशी चालू ठेवणारे उपाय आजही औषधांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात. प्लास्टरमध्ये सांधा न हलविता मांडीचा स्नायू आवळून काही सेकंद तसाच धरणे व सोडणे, मोकळ्या बोटांची व सांध्यांची हालचाल करणे, निरोगी हातापायांचा व्यायाम करणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. त्वचेवरील विद्युत् अग्रांद्वारे स्नायूचे आकुंचन घडवून आणल्यास ५ दिवसांच्या अचलतेत आकारमान टिकते, असे २०१४ च्या एका प्रयोगात आढळले. बल मात्र त्यातही घटले. अस्थिभंग आतून सळई किंवा पट्टी बसवून स्थिर केल्यास अवयव लवकर हालविता येतो आणि अचलतेचा काळच कमी होतो. औषधाने ऱ्हास रोखण्यापेक्षा ऱ्हासाचे कारण दूर करण्याचा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे.

हाडवैद्याने बांधलेल्या कामट्यांच्या संदर्भात एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. बंध अतिशय घट्ट असल्यास रक्तपुरवठा तुटून स्नायू मृत होतो व हात वाकडा होऊन बसतो (फोल्कमान आकुंचन). ही अपपुष्टी नव्हे. ती व्यायामाने वा औषधाने भरून येत नाही. बांधल्यानंतर बोटे थंड, पांढरी किंवा बधिर होणे व वेदना वाढत जाणे ही धोक्याची चिन्हे असून बंध तत्काळ सैल करून रुग्णास रुग्णालयात नेणे जरूर असते. प्लास्टरच्या बाबतीतही हेच लागू आहे.

आहार : निरोगी प्रौढास दररोज शरीराच्या वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. ०·८३ ग्रॅ. प्रथिने पुरेशी मानली जातात. आजारी किंवा जखमी वृद्धांस १·२ ते १·५ ग्रॅ. द्यावीत, असा तज्ञांचा सल्ला आहे. पन्नास किग्रॅ. वजनाच्या रुग्णास हे प्रमाण ६० ते ७५ ग्रॅ. होते. मराठवाड्याच्या आहारात मुख्य असलेल्या ज्वारीत सु. १० टक्के प्रथिने असतात. त्यांत ल्यूसीन भरपूर, पण लायसीन कमी असते. तूर, मूग, हरभरा इ. डाळींत प्रथिने २० टक्क्यांहून अधिक असून लायसीनही पुरेसे असते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण घेतल्याने परस्परांची उणीव भरून निघते. लातूर ही डाळींची व सोयाबीनची मोठी बाजारपेठ असल्याने ही साधने दुर्मिळ नाहीत. दूध, दही, अंडी व शेंगदाणे यांनी प्रमाण पुरे करता येते. ल्यूसीन उपकारक आहे म्हणून ते जितके जास्त तितके चांगले, असे मात्र नाही. १९६० मध्ये सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी ज्वारी हे मुख्य अन्न असणाऱ्या दख्खनमधील लोकांत आढळणाऱ्या वल्कचर्म (पेलाग्रा) रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिनाच्या आधिक्याशी जोडला होता. पुढे या उपपत्तीविषयी मतभेद झाले, तरी एखादे अ‍ॅमिनो अम्ल एकटे वाढविण्यापेक्षा संपूर्ण आहार सुधारणे श्रेयस्कर, हा त्यातील बोध कायम आहे. प्रथिने वाढविल्यानेही पूर्णपणे निश्चल असलेला स्नायू टिकत नाही. व्यायाम सुरू झाल्यावर मात्र ती उपयोगी पडतात.

भवितव्य : पुढील काळात या क्षेत्रातील औषधांची कसोटी छेदक्षेत्र किंवा वजन यांवर न होता रुग्ण जिना किती लवकर चढतो, खुर्चीतून विनाआधार उठतो किंवा नाही, कामावर केव्हा परततो यांवर होणे आवश्यक आहे. महाग प्रतिपिंडांचा उपयोग झालाच तर तो प्रथम खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध व दीर्घकाळ अतिदक्षता विभागात असलेले रुग्ण यांना होण्याचा संभव आहे. तोपर्यंत अचलतेचा काळ शक्य तितका कमी ठेवणे, पहिल्या दिवसापासून मोकळ्या भागांचा व्यायाम, पुरेसा आहार आणि प्लास्टर निघाल्यावर भार क्रमाने वाढवीत नेणे हीच उपचारांची मुख्य अंगे होत. औषधांचे स्थान या सर्वांना पूरक एवढेच राहते.